पेढ्याचं डेल्फ्ट-दर्शन

प्रेक्षणीय स्थळं पाहायला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो ती 'होण्या'ला. आपल्याकडे परदेशाहून आलेला माणूस भेटला की तो, "पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं, लंडन मात्र राहिलं बुवा," असं सांगतो. हे 'झालं' क्रियापद पूर्वी आपण गोवर, कांजिण्या आणि देवी यांच्यासाठी वापरत असू. एकदा होऊन गेलं की पुन्हा व्हायची भीती नाही, असा त्यात दिलासा असे. आता तोच दिलासा लोक आयफेल टॉवरकडून घेतात.

हे माझं मत पूर्वीपासूनचं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यादीतल्या नोंदींपुढे बरोबरच्या खुणा करत जाण्यात एक आनंद असतो. तो मीही भरपूर घेतला आहे. माझं मत पालटलं ते एका कुत्र्यामुळे.

आमची लेक रॉटरडॅमला असते. म्हणजे हॉलंडमध्ये. हल्ली 'हॉलंड' म्हटलं की नातू 'नेदरलँड्स' अशी दुरुस्ती करतो. पण रॉटरडॅम दक्षिण हॉलंड प्रांतात येतं, हे मी नकाशात शोधून ठेवलेलं असल्यामुळे या बाबतीत मी त्याला जुमानत नाही. लेक, जावईबापू, नातू आणि एक कुत्रा असं ते कुटुंब आहे. कुत्र्याचा रंग थेट सातारी कंदी पेढ्याचा, म्हणून त्याचं नाव पेढा. आम्ही दोघं विमानतळावरून घरी पोचलो तेव्हा दारातच लेक त्याला म्हणाली, "पेढू, आजोबा आले बघ!" मी मागे वळून पाहिलं. आणखी कुणी आलेलं नव्हतं. अशा रीतीने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, माझ्या संमतीशिवाय, मी एका कुत्र्याचा आजोबा झालो. आमच्या हिने मात्र आजीपण ताबडतोब स्वीकारलं आणि पुण्याहून आणलेल्या भाकरवडीतली एक त्याला दिलीसुद्धा. (त्यावरून लेकीची बोलणी खाल्ली ती वेगळीच.)

पुढच्या आठवड्यात लेक म्हणाली, "पेढ्याने अजून डेल्फ्ट पाहिलेलं नाही. गुरुवारी मी रजा टाकते. त्याला दाखवून आणू आणि तुमचंही होऊन जाईल."

वाक्याचा क्रम पाहा. सहल कुत्र्याची होती. आम्ही तिच्यात 'तेही' होतो.

जावईबापू शिस्तीचे आहेत. त्यांनी डेल्फ्टमधल्या अकरा स्थळांची यादी केली. प्रत्येकासमोर मिनिटं लिहिली होती. नवं देऊळ चाळीस, जुनं देऊळ तीस, पूर्व दरवाजा पंधरा. आमच्या शाखेचं ऑडिट आलं असतं तर त्या कागदावर त्यांनी 'उत्तम' असा शेरा मारला असता. कागदाच्या तळाशी एक खास टीप होती : 'दर चाळीस मिनिटांनी पेढ्यासाठी विश्रांती व पाणी.' माझा उजवा गुडघा गेली सहा वर्षं कुरकुरतो, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. त्याच्याविषयी टीप नव्हती. मी ती टीप दोनदा वाचली आणि घडी घालून कागद परत दिला.

रॉटरडॅमहून डेल्फ्ट आगगाडीने पाव तासाच्या आत येतं. तिथे मोठ्या कुत्र्याला दिवसभराचं वेगळं तिकीट काढतात आणि मग तो माणसांबरोबर ऐटीत प्रवास करतो. पेढा खिडकीपाशी बसला. मी मार्गिकेच्या बाजूला.

डेल्फ्टचं नवं स्टेशन २०१५ साली सुरू झालं. त्याच्या भल्याथोरल्या छतावर जुन्या डेल्फ्टचा एकोणिसाव्या शतकातला नकाशा निळ्या रंगात उतरवलेला आहे. माणसं गाडीतून उतरतात आणि माना वर करून चालू लागतात. जावईबापूंनी सुरुवात केली, "हा नकाशा..." आणि आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. पेढ्याने मान खाली घातली. छतावर गावाचा नकाशा होता, पण गाव जमिनीवर होतं, ही गोष्ट सहा जणांत एकट्या त्याच्या लक्षात आली.

बाहेर पडून पहिल्या कालव्यावरच्या पुलापाशी पोचलो आणि पेढा थांबला. डेल्फ्ट हे नावच मुळी 'खणणे' या अर्थाच्या डच शब्दावरून आलेलं आहे. खणलेल्या कालव्याच्या काठी वसलं ते डेल्फ्ट. तो पूल, ते संथ हिरवट पाणी, कठड्याला साखळीने बांधलेल्या पंधरा-वीस सायकली आणि एका सायकलीच्या चाकापाशी बुचकळ्यात पडलेला पेढा. तो त्या चाकापाशी चार मिनिटं उभा होता. मग दगडी कठड्याच्या कोपऱ्यापाशी तीन मिनिटं. नंतर तो पुन्हा पहिल्या चाकाकडे परत गेला. वाचलेलं पान पुन्हा उलटून पाहावं तसा.

आणि सगळं कुटुंब उभं राहिलं! यादी हातात धरून जावईबापू उभे, लेक उभी, नातू उभा. कुणी म्हणालं नाही की, "चल रे, अजून दहा स्थळं आहेत." लेक उलट कौतुकाने म्हणाली, "बघू द्या त्याला नीट. त्याच्यासाठी सगळं नवीन आहे ना."

वाचकहो, हेच गाव मलाही नवीन होतं. पण त्याच पुलावर मी पाण्यातल्या बदकाची पिल्लं मोजायला वाकलो, तेव्हा सातव्या पिल्लाशी आवाज आला, "बाबा, चला ना, पुढे याहून छान आहे!"

'पुढे याहून छान आहे' या वाक्याने जगातल्या जितक्या वडीलधाऱ्यांना पळवलं आहे, तितकं शत्रूच्या फौजांनीही पळवलं नसेल. हे पुढचं छान ठिकाण कधी येत नाही, कारण तिथे पोचलं की ते 'झालं' होतं आणि छान आणखी पुढे सरकतं. कुत्र्याला हे वाक्य सांगून पाहा. तो चारी पाय रोवून उभा राहतो. मग तुम्हालाच थांबावं लागतं. आम्हा माणसांना हे जमत नाही, कारण आम्ही भिडस्त असतो आणि तिकिटाचे पैसे मुलांनी भरलेले असतात.

असो. बाजारचौकात आलो. गुरुवार म्हणजे डेल्फ्टचा आठवड्याचा बाजार. चीजच्या जात्याएवढ्या चकत्या, मासे, फुलं आणि माणसं. एका टोकाला नगरपालिकेची जुनी इमारत आणि समोरच्या टोकाला नवं देऊळ. देऊळ म्हणजे अर्थात चर्च. हे 'नवं' देऊळ बांधायला घेतलं १३९६ साली. नव्या पेठेला आपण अजून 'नवी' म्हणतो याबद्दल पुणेकरांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जुन्या देवळाचा मनोरा आणखी अर्ध्या-पाऊण शतकानं आधीचा. तो बांधला बुजवलेल्या कालव्यावर, त्यामुळे तो सुमारे दोन मीटर कललेला आहे. माझा गुडघा आणि तो मनोरा एकाच बाजूला कललेले आहेत, हे पाहून मला जरा धीर आला.

नव्या देवळाच्या दाराशी पोचल्यावर प्रश्न निघाला पेढ्याचा. कुत्रं देवळात न्यायचं नसतं, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी म्हणालो, "तुम्ही जाऊन या. मी थांबतो याला घेऊन." लेकीने "अहो बाबा, पण तुमचं राहील ना!" असं म्हणून पाहिलं, पण साखळी माझ्या हातात देऊन मगच म्हटलं.

मी आणि पेढा चौकात एका बाकावर बसलो. म्हणजे मी बाकावर आणि तो माझ्या पायावर. समोर ह्यूगो ग्रोटियसचा पुतळा. हा डेल्फ्टमध्येच १५८३ साली जन्मलेला मोठा कायदेपंडित. राष्ट्रांनी आपसांत कसं वागावं याचे नियम त्याने लिहिले. पण मला त्याच्याविषयी आदर आहे तो वेगळ्या कारणासाठी. त्याला जन्मठेप झाली होती, आणि १६२१ साली तो पुस्तकांच्या पेटीत दडून तुरुंगातून निसटला. यादी घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातून निसटण्याएवढी पेटी कुठे मिळेल, याचा विचार करत मी बसलो.

चाळीस मिनिटं बसलो. चीजवाला गिऱ्हाइकाला चव दाखवायला पातळ काप काढतो आणि ते खाणाऱ्याच्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल पाहावा तसा पाहत राहतो, हे मी पाहिलं. एक बाई सायकलच्या पुढल्या खोक्यात दोन मुलं, मागे भाजी आणि हातात फुलं अशा अवतारात, एक हात सोडून, नाक पुसत गेली. मनोऱ्यातल्या घंटा वाजू लागल्या तेव्हा पेढ्याचा एकच कान उभा राहिला. एक डच म्हातारेबुवा बाकावर येऊन बसले. त्यांनी कुत्र्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते "पेदा" म्हणाले. त्याचा अर्थ विचारला. दुधाची मिठाई, असं मी इंग्रजीत समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि मग त्यांच्याकडेही कुत्रा होता, तो गेल्या वर्षी गेला, तरी याच वेळेला अजून बाहेर पडतो, असं पेढ्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. आम्ही काही वेळ कुणीच बोललो नाही. डेल्फ्टमध्ये मी जे काही पाहिलं त्यातलं हे पहिलं.

तेवढ्यात मंडळी बाहेर आली. नातू धावत आला आणि फोन माझ्या नाकाशी धरून ओरडला, "आजोबा, आत कुत्रा आहे!"

खरोखर होता. डचांचा राष्ट्रपिता विल्यम ऑफ ऑरेंज याचं थडगं या देवळात आहे. हेन्ड्रिक द केयसर नावाच्या शिल्पकाराने १६१४ साली त्याचं काम सुरू केलं. पांढऱ्या संगमरवरातला विल्यम पाठीवर निजलेला आहे आणि त्याच्या पायाशी एक कुत्रा पडून आहे. गोष्ट अशी सांगतात की १५७२ साली स्पॅनिश सैनिकांनी रात्री त्याच्या छावणीवर छापा घातला, तेव्हा या कुत्र्याने भुंकून आणि नखांनी ओरबाडून त्याला जागं केलं, म्हणून तो वाचला. पुढे १० जुलै १५८४ रोजी याच डेल्फ्टमध्ये, प्रिन्सेनहोफ या वाड्यात, मारेकऱ्याने विल्यमला गोळ्या घातल्या. भिंतीतली भोकं आजही दाखवतात. त्या वेळी कुत्र्याचा काही उपाय चालला नाही. त्याने अन्नपाणी सोडलं आणि मालकापाठोपाठ तोही गेला, अशी दंतकथा आहे. तो कुत्रा पग होता की स्पॅनियल, यावर तिकडे वाद आहेत. रायगडावरचा वाघ्या होता की नव्हता, यावर आपल्याकडे आहेतच.

मला मात्र त्या क्षणी वेगळाच वाद सुचला. म्हणजे दगडाचा कुत्रा आत, राजघराण्याच्या थडग्यांच्या शेजारी, चारशे वर्षं आरामात झोपलेला. लोक तिकीट काढून त्याचं इमान पाहायला रांग लावताहेत. आणि हाडामांसाचं इमान बाहेर, माझ्या बुटावर हनुवटी टेकून.

पूर्वी असं नव्हतं. सतराव्या शतकातल्या डच देवळांच्या चित्रांत कुत्री खुशाल हिंडताना दिसतात. इमॅन्युएल द विट या चित्रकाराने १६५० च्या सुमारास डेल्फ्टच्या जुन्या देवळाचं आतलं दृश्य रंगवलं. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात एक कुत्रा देवळाच्या खांबापाशी तंगडी वर करून उभा आहे. हे त्याचं स्थळदर्शन! आता याला आवर घालायला तिकडच्या देवळांतून पगारी माणूस ठेवत असत, आणि त्याचं काम फक्त कुत्री हाकलण्याचं असे, हेही खरं. पण मुद्दा असा की जिवंत कुत्र्याला हाकलायला माणूस आणि दगडी कुत्रा घडवायला शिल्पकार, या दोघांनाही पोसणारा समाज एकच. आपला समाजही काही निराळा नाही. जिवंतपणी "चला, चला" आणि नंतर भिंतीवर, हारात.

आता जावईबापूंचं म्हणणंही सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "बाबा, पण एवढ्या लांब आलाय, तर सगळं बघायला नको का?" यात प्रेम आहे, हे मला कळतं. पण 'सगळं' आणि 'बघणं' हे दोन शब्द एका वाक्यात नांदत नाहीत. याला पुरावा डेल्फ्टचाच आहे. १६३२ सालच्या शरदात, काही दिवसांच्या अंतराने, या गावात दोन मुलांची नावं बाप्तिस्म्याच्या वहीत पडली. एक योहानेस व्हर्मीर, दुसरा आंतोनी व्हान लेवेनहूक. व्हर्मीरने जी तीसपस्तीस चित्रं मागे ठेवली, त्यांतली कितीतरी एका खोलीतली आहेत. डाव्या हाताला खिडकी, तिच्यातून येणारा उजेड आणि दूध ओतणारी किंवा पत्र वाचणारी एक बाई. एवढ्या भांडवलावर सगळं जग आज त्याच्यामागे धावतं. लेवेनहूक कापडाचा व्यापारी. त्याने स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगातून तळ्यातल्या पाण्याचा थेंब पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून १६७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. पुढे त्याने स्वतःच्या दातांवरचं किटणही सोडलं नाही. दोघांनीही आयुष्य बहुतेक याच गावात काढलं आणि दोघंही जुन्या देवळात पुरलेले आहेत. लेवेनहूकला कुणी थेंबावरून उठवून, "चला, पुढे याहून मोठं तळं आहे," असं म्हटलं असतं तर सूक्ष्मजंतूंचा शोध किती लांबला असता, कोण जाणे!

तेव्हा सायकलच्या चाकापाशी चार मिनिटं उभा राहणारा पेढा हाच त्या दिवशी डेल्फ्टची परंपरा पाळत होता. आम्ही पाच जण नुसते तिच्या अंगावरून चालत होतो.

हे सगळं मी मोठ्या आवेशाने बोलणार होतो. पण बोललो नाही, कारण मधेच मला आग्रा आठवलं.

१९८४ साल. एल. टी. सी. मिळाली म्हणून मी वडिलांना घेऊन दिल्ली-आग्रा केलं. ते वेंगुर्ल्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. लहानपणी ते मला आमच्या गावच्या डच वखारीत नेत. सतराव्या शतकात डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीने बांधलेली ती वखार तेव्हाही पडकीच होती. ते एखाद्या कमानीचं चित्र काढत बसत आणि मी हवं ते पाहावं. कावळा, पाल, वडाची मुळी, सावलीला झोपलेलं कुत्रं. "चल" असं ते कधी म्हणाल्याचं आठवत नाही. तर आग्र्याला संगमरवरात रंगीत खडे बसवणारा एक कारागीर दिसला. वडील त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्याच्या बोटांकडे पाहू लागले. आमच्या बसला दहा मिनिटं होती. मी म्हणालो, "बाबा, चला, ताजमहालासमोर फोटो राहिलाय अजून." दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. ते गुडघ्यावर हात देऊन उठले आणि म्हणाले, "चल. झालं माझं."

तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. दर दसऱ्याला त्याला हार घालतो. त्यात वडील कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. मान त्या कारागिराच्या दिशेला वळलेली आहे.

म्हणून सांगतो, ही तक्रार जावईबापूंविरुद्ध नाही. त्यांची यादी माझ्याच हस्ताक्षरातली आहे.

परतीच्या गाडीत जावईबापूंनी हिशेब काढला. अकरापैकी पाच स्थळं झाली होती, सहा राहिली होती. राहिलेल्यांत पूर्व दरवाजा होता, निळ्या चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. ते हळहळले. लेकीने पेढ्याचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं, "पेढू, आवडलं का रे तुला डेल्फ्ट?"

मी म्हणालो, "मलाही विचार कधीतरी."

ती हसली, आणि मग हसायची थांबली. माझ्या गुडघ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, दुखत होता का? सांगायचं नाहीत का?"

"मला चार पाय रोवून उभं राहता येत नाही," मी म्हणालो. "दोनच आहेत, आणि त्यातला एक कुरकुरतो."

पुढच्या गुरुवारी ती दुपारी लवकर घरी आली. एका हातात साखळी होती, दुसरा रिकामा. कागद नव्हता. आम्ही तिघं पुन्हा डेल्फ्टला गेलो आणि पहिल्याच पुलावर तासभर थांबलो. बदकाची पिल्लं अकरा होती. लेकीने दोनदा मोजून खात्री करून घेतली. नंतर चौकातल्या बाकावर बसलो तर ते डच म्हातारेबुवा आले आणि लांबूनच "पेदा!" म्हणाले.

पुण्याला परतल्यावर सोसायटीतले जोशी-कुलकर्णी विचारतात, "काय, डेल्फ्ट झालं का?"

मी सांगतो, "नाही हो. चालू आहे."